ट्रेलरचा हिच कसा निवडावा: वडाळ्याच्या पाटेवाल्याचा हिशेब

हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायचा सांधा, सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा. आधी ट्रेलर, मग त्याचं भरलेलं वजन, मग गाडीच्या दरवाज्यावरचं स्टिकर, आणि त्यानंतर हिच. अमेरिकेतल्या आपल्या मुलांचं मात्र उलटं होतं. डीलरकडे कागदांवर सह्या चालू असताना तो सहज विचारतो, "वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावून देऊ ना?" आणि दुकानात जो पडलेला असेल तो लागतो. टेक्सासच्या आमच्या जावयांनी सही करायच्या आधी मला फोन केला. "बाबा, बाराशे पाउंडांचा घेऊ की हजारचा? डीलर म्हणतो मोठा घेतलेला बरा." मी म्हटलं, कुठलाच घेऊ नका, आधी वजन सांगा. नंतर त्यांच्या तिथल्या मंडळातल्या लोकांचेही फोन यायला लागले, म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी कोण, तर वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ ट्रकचे पाटे, म्हणजे पानांच्या स्प्रिंगा, बनवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. वर्कशॉप आता मुलगा बघतो. इथे मुंबईत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागचं फिरतं घर, ओढणारं कुणी दिसत नाही, आणि पार्किंगचा प्रश्न बघता दिसणारही नाही. पण वजन कुठल्या चाकावर येतं आणि स्प्रिंग किती कडक हवी, हे गणित वडाळ्यात आणि डॅलसमध्ये एकच आहे. आणि या हिचचे बार म्हणजे शेवटी स्प्रिंगच.

हा लागतो कशाला

मशीद बंदरला हातगाडी भरताना हमाल माल चाकाच्या किंचित पुढे ठेवतो. दांडा हाताला थोडा दाबला पाहिजे. माल मागे गेला तर दांडा वर उडतो आणि गाडी हातात राहत नाही. फार पुढे आला तर ओढणाऱ्याचे खांदे निघतात. ट्रॅव्हल ट्रेलरचंही तसंच. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन त्याच्या नाकावर, म्हणजे गाडीच्या मागे ज्या गोळ्यावर तो टेकतो त्या बॉलवर, पडायला हवं. याला टंग वेट म्हणतात. त्याहून कमी असेल तर हायवेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ती एकदा जोरात हलायला लागली की भल्याभल्यांना आवरत नाही.

म्हणजे नाकावर वजन हवंच. पंचाईत अशी की पिकअपचा बॉल मागच्या ॲक्सलच्याही बराच मागे असतो. जावयांच्या गाडीचे आकडे घेऊन बघू. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, १४५ इंच, मागच्या ॲक्सलपासून बॉल ६५ इंच मागे, नाकावर ७८० पाउंड. ७८० ला ६५ ने गुणा, १४५ ने भागा: ३५० पाउंड. एवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं. मागच्या ॲक्सलवर नुसते ७८० येत नाहीत, हे ३५० मिळून ११३० येतात. गाडी मागून बसते, नाक वर करते, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. आणि स्टिअरिंग व ब्रेकिंगचं मुख्य काम ज्या चाकांनी करायचं, तीच हलकी होतात.

जेएनपीटीहून कंटेनर घेऊन येणारे ट्रेलर आपण रोज बघतो. त्यांना ही भानगड लागत नाही, कारण त्यांचा जोड मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर असतो, मागे लटकत नाही. अमेरिकेतले फिफ्थ व्हील ट्रेलर तसेच, पिकअपच्या हौद्यात बसणारे. तुमचा ट्रेलर त्या जातीचा असेल तर हा लेख इथेच सोडा.

बंपरमागच्या बॉलवर ओढायचा असेल तर उपाय काय? वडाळ्यात ड्रायव्हर येतो आणि म्हणतो, "गाडी मागून बसते, एक पान वाढवा." पाट्यात एक पान वाढवलं की मागची बाजू वर येते, तो खूश होतो. पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन त्याने परत येत नाही. गाडी सरळ दिसते एवढंच. अमेरिकेत हेच काम मागच्या स्प्रिंगला जोडायच्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, करतात. दिसायला झकास, पण पुढचा ॲक्सल हलका तो हलकाच.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच वेगळं काम करतो. हिचच्या डोक्यातून दोन लांब स्प्रिंग बार मागे ट्रेलरच्या खाली जातात. त्यांची टोकं चेनने किंवा ब्रॅकेटने ट्रेलरच्या फ्रेमला वर ओढून धरली की बार वाकतात. वाकलेली स्प्रिंग सरळ व्हायला बघणारच. त्या जोराने हिचच्या डोक्याला पीळ बसतो, आणि तो पीळ गाडीची मागची बाजू उचलतो, पुढची दाबतो. वरच्याच उदाहरणात पुढचं निम्मं वजन, म्हणजे १७५ पाउंड, परत आणलं असं धरा. ट्रेलरचा ॲक्सल बॉलपासून १७ फुटांवर असेल तर साधारण ९५ पाउंड ट्रेलरच्या चाकांकडे जातात, आणि मागच्या ॲक्सलवरचे ११३० उतरून ८६० वर येतात. वजन नाहीसं होत नाही, वाटलं जातं.

आधी दरवाजा उघडा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका, असा आकडा त्यावर असतो. तो पेलोड. जाहिरातीत ११,००० पाउंड ओढते असं लिहिलेलं असलं तरी कुटुंबाची गाडी बहुतेक वेळा आधी पेलोडलाच अडते.

समजा स्टिकरवर १५०० आहेत. नाकाचे ७८० गेले. हिच स्वतः ८० पाउंडांचा, तोही गाडीवरच. उरले ६४०. यात जावई, मुलगी, दोन नातवंडं, कूलर, आणि आम्ही दोघं उन्हाळ्यात गेलो की आम्हीसुद्धा. झालंच की गणित! ट्रेलरकडे सरकणारे ते ९५ पाउंड इथे उलट जमा धरून ओढाताण करणारे लोक मी पाहिलेत. ते धरू नका, ती तुमची हाताशी शिल्लक राहू दे. आणि आजी-आजोबांना मागे ट्रेलरमध्ये झोपवून न्यायची कल्पना डोक्यातून काढा. अनेक राज्यांत ते कायद्याने बंद आहे, आणि नसेल तिथेही करू नये.

टोइंगच्या, म्हणजे ओढायच्या ताकदीच्या, आकड्यांसाठी आता एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा जे२८०७ नावाचा मापदंड आहे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून तो सगळ्यांत आधी स्वीकारला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा काढायची. पण या मापदंडातसुद्धा गाडीत दीडशे-दीडशे पाउंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आपल्याकडचं कुटुंब त्यात बसत नाही.

कितीही महागडा हिच लावला तरी यातला एकही आकडा वाढत नाही. पेलोड तोच, ॲक्सलची मर्यादा तीच, ओढायची ताकद तीच. हे मी जावयांकडून फोनवर परत म्हणवून घेतलं, कारण डीलर नेमका उलटा समज करून देत होता.

आता गाडीच्या मागे वाका. हिच ज्या चौकोनी नळीत बसतो त्या रिसीव्हरवर एक लेबल असतं, त्यावर आकड्यांच्या दोन जोड्या: एक नुसत्या बॉलवर वजन घ्यायची, दुसरी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावून. अनेक पिकअपवर पहिली जोडी ५,००० आणि ५०० अशी दिसते, म्हणजे ट्रेलर ५,००० पाउंड आणि नाक ५०० पर्यंत. त्याच्या वर गेलात तर हा हिच लावणं ऐच्छिक नाही. तुमचं नाक दुसऱ्या जोडीच्याही वर जात असेल तर हिच नव्हे, गाडी बदलायची वेळ आहे. उलट काही एसयूव्हींच्या, विशेषतः युरोपियन कंपन्यांच्या, मॅन्युअलमध्ये हा हिच लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण बॉडीला तो पीळ सोसेल असा रिसीव्हर त्यांनी बनवलेलाच नसतो. मॅन्युअल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नाकाचं खरं वजन

माहितीपत्रकातला हिच वेट हा कोऱ्या ट्रेलरचा असतो. बॅटरी नाही, गॅस नाही, पाणी नाही, तुमचा कुकर आणि तांदळाची गोणी नाही. वीस पाउंडवाला प्रोपेनचा सिलिंडर भरला की ३७ पाउंडांच्या आसपास जातो, आणि असे दोन बरोब्बर नाकावर बसवलेले असतात. त्यांच्याशेजारी बॅटरी. पाणी एका गॅलनला ८.३ पाउंड; चाळीस गॅलनची टाकी म्हणजे ३३० पाउंडांच्या वर. ती टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर नाक जड, मागे असेल तर हलकं. टाकी कुठे आहे हे विचारून घ्या, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं.

मोजायची घरगुती रीत सांगतो. ट्रेलर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरा, सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना अडण लावा. एक जाड लाकडी तुळई घ्या. तिचं एक टोक विटांवर ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरं टोक बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवलेल्या दुसऱ्या पाइपवर, दोन्ही पाइपांत बरोबर तीन फुटांचं अंतर. ट्रेलरचा जॅक विटांच्या बाजूच्या पाइपपासून एक फुटावर टेकवा, म्हणजे काट्यापासून तो दोन फूट होईल. काट्याचा आकडा गुणिले तीन, ते नाकाचं वजन. ७८० पाउंडांच्या नाकाला काटा २६० दाखवेल. तुळईचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका. हे नको असेल तर नाकाखाली ठेवायचा खास काटाही विकत मिळतो.

त्याहून चांगला म्हणजे हायवेवरचा धरमकाटा. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी तिन्ही वजनं वेगळी छापून देतात. एकदा नुसती गाडी, एकदा ट्रेलर जोडून पण बार न लावता, एकदा बार लावून. पहिल्या दोन पावत्यांत गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या वजनांची बेरीज जितक्याने वाढली तितकं तुमचं नाक. खर्च किरकोळ आहे.

ट्रेलर अजून ताब्यातच नसेल तर त्याच्या कमाल वजनाच्या, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआरच्या, १२ ते १३ टक्के धरून चाला. कोरं वजन धरून कधीही नाही.

बार किती पाउंडांचा

आता माझा प्रांत. बार ६००, ८००, १०००, १२००, १४०० अशा ताकदीत मिळतात. प्रत्येक कंपनीच्या पायऱ्या थोड्या वेगळ्या. हिचवर १०,०००/१,००० असं लिहिलेलं असलं तर पहिला आकडा ट्रेलरच्या एकूण वजनाचा, दुसरा नाकाचा. दोन्हीत बसायला हवं.

नाकाच्या वजनात एक भर टाकायची असते, ती लोक गाळतात: गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मागे हौद्यात जे सामान आहे ते. जनरेटर, सायकली, बर्फाचा कूलर. तेसुद्धा पुढची चाकं उचलायचंच काम करतं. जावयांचं नाक ७८०, मागचं सामान दीडशेच्या आसपास, मिळून ९३०. म्हणजे हजारचा बार. बाराशेचा नाही.

"मोठा घेतलेला बरा" हे दोराला ठीक आहे, साखळीला ठीक आहे, स्प्रिंगला नाही. रिकाम्या ट्रकला चौदा पानांचा पाटा लावून सायन-पनवेल हायवेला पावसाळ्यात चालवून बघा, ड्रायव्हरची कंबर काय म्हणते ते. कडक बार थोडासा वाकला तरी प्रचंड जोर देतो. पेट्रोल पंपाच्या उतारावर, पुलाच्या जोडावर गाडी आणि ट्रेलर यांचा कोन बदलला की तो जोर एकदम वाढतो आणि ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमच्या वेल्डला, रिसीव्हरच्या बोल्टला धक्का बसतो. शिवाय कडक बार बारीक फरकाने लावता येत नाही. चेनची एक कडी कमी तर कमी पडतं, एक जास्त तर फार होतं. नरम बार घेतला तर तो पार वाकून जातो आणि तरी पुढचा ॲक्सल भरत नाही. भार बघून स्प्रिंग. आकडा दोन मापांच्या मधोमध आला तर वरचं घ्या, पण दोन पायऱ्या वर उडी मारू नका.

जुना हिच घ्यायचा असेल तर दोन्ही बार फरशीवर शेजारी ठेवा. बाक सारखा नसेल तर एक बसलेला आहे, सोडून द्या. बारवर वेल्डिंगचा टाका, ड्रिलचं भोक किंवा गॅसने तापवल्याचा निळा डाग दिसला तर फुकट दिला तरी घेऊ नका. तापवलं की स्टीलचं पाणी उतरतं, आणि पाणी उतरलेला बार कधी तुटेल हे मीही सांगू शकत नाही.

शेपटी आवरायची सोय

आधी एक गोष्ट ठरलेली: नाकाला वजन कमी असलेला ट्रेलर कुठल्याही यंत्राने सुधारत नाही. सामान पुढे सरकवा. त्यानंतर स्वे कंट्रोलचं, म्हणजे शेपटी आवरणाऱ्या यंत्राचं, बोला.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बाजूला वेगळा लागणारा फ्रिक्शन बार. छोट्या ट्रेलरला चालतो, पण रिव्हर्स घ्यायच्या आधी उतरून काढायला लागतो. पावसात उतरून तो काढायचा कंटाळा येतो, आणि न काढता रिव्हर्स घेतला की वाकतो. पंचवीस फुटांच्या ट्रेलरला मी तो सुचवणार नाही.

मधला वर्ग म्हणजे ज्यात स्प्रिंग बारच घर्षणाचं काम करतात. बार एल आकाराच्या ब्रॅकेटवर बसून घासतात आणि ट्रेलरला डोलू देत नाहीत. इक्वलायझर, फास्टवे ई-टू ही यातली चालती नावं. रीसचा ड्युअल कॅम थोडा वेगळा, तो ट्रेलरला सरळ रेषेत आणून बसवायला बघतो. बहुतेक कुटुंबांनी इथेच थांबावं, आणि जावयांनीही इथलाच घेतला. एल ब्रॅकेटवाले वळताना करकरतात, ती तक्रार सगळीकडे ऐकू येते.

सगळ्यात वर हेन्सली आणि प्रोप्राइड, दोन्हीच्या मागे जिम हेन्सली या एकाच माणसाचं डोकं. त्यांची जोडणी अशी की ट्रेलरला डोलायला जणू मागच्या ॲक्सलजवळचा बिंदू मिळतो, बॉल नाही. त्यामुळे ट्रेलर गाडीला बाजूला ढकलू शकत नाही. काम फार सुंदर, किंमत हजारो डॉलरमध्ये, वजनही भरपूर, आणि ते वजन परत पेलोडमधूनच. लांब ट्रेलर आणि आखूड गाडी अशी जोडी असेल, किंवा वर्षभर मैदानी वाऱ्यात फिरायचं असेल, तर विचार करा.

मागवण्याआधी टेप काढा

कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या नाकाच्या वाटीवर, बॉलचं माप कोरलेलं असतं. मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरना बहुधा २ ५/१६ इंच. दोन इंचाचा बॉल त्यात बसल्यासारखा वाटतो, आणि खड्ड्यात उडून बाहेर येतो. रिसीव्हरचं भोक दोन इंच की अडीच तेही बघा. ट्रेलर सपाट उभा करून कपलरची उंची मोजा, म्हणजे शँक, हिचचा रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा, किती खाली उतरणारा किंवा वर चढणारा हवा ते कळेल. ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली चालला पाहिजे.

ब्रॅकेट फ्रेमवर जिथे लागायचे तिथे गॅसचे सिलिंडर, सामानाची पेटी किंवा जॅक आडवा येत नाही ना, हे हिच मागवण्याआधीच बघा. कंपनीच्या पत्रकात कपलरपासूनचं अंतर दिलेलं असतं. गोल बार डोक्याच्या खालून निघतात आणि जमिनीला जवळ जातात. दुसऱ्या जातीचे, ट्रनियन बार, वर राहतात. घराचा ड्राइव्हवे तीव्र चढाचा असेल तर ट्रनियन घ्या.

ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो का, हेही याच खरेदीत मिटवून टाका.

लावल्यावर

पुढच्या चाकाच्या मध्यावर, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. ट्रेलरशिवाय समजा ३८ इंच. ट्रेलर जोडून, बार मोकळे ठेवून ३९ १/२. आता बार चढवून परत मोजा. जुने लोक पूर्ण ३८ वर आणायला सांगायचे. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये निम्मंच परत आणा असं असतं, म्हणजे इथे ३८ ३/४. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करा, कारण फार ओढलं तर मागचा ॲक्सल हलका पडतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू सरकते. कमी पडलं तर हिचचं डोकं एका वॉशरने मागे कलवा, जास्त झालं तर उलट. गाडीत ऑटो लेव्हलिंग असेल तर ते कधी बंद, कधी चालू हेही मॅन्युअलमध्येच बघायचं.

बार चढवताना-काढताना पाइप लावून ताकद करू नका. ट्रेलरचा जॅक खाली सोडून कपलर आणि गाडीची मागची बाजू दोन्ही मिळून वर उचला. बारवरचा ताण जातो आणि ते हाताने सुटतात. ताणातला बार निसटला तर हनुवटी फोडतो. नातवंडांना तेव्हा घराच्या बाजूला उभं करा.

सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या ओलांडून लावा, ब्रेकअवेची केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार, मात्र त्या चेनमध्ये अडकवू नका, ती वेगळी. बॉलचा नट पत्रकातल्या टॉर्कनेच आवळायचा आहे; घरच्या पान्याने तो होत नाही, डीलरच्या टॉर्क रेंचने समोर उभं राहून करून घ्या. पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. आणि टाकी भरून निघालात, सायकली मागे टांगल्यात, किंवा आजी-आजोबा चढले, तर टेपचं माप पुन्हा घ्या.